सगळं नावाची फाइल

ऑफिसात तिला सगळे इस्त्री म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. कुठं सुरकुती दिसली की तिला राहवायचं नाही. दुसऱ्याच्या टेबलावरची वायर गुंडाळून ठेवील, कुणी फायलीला वेडंवाकडं नाव दिलं तर न विचारता बदलील, आणि प्रोग्राम लिहायला बसली की असा लिहील की वाचणाऱ्यानं नाव काढावं. हुशार बाई. फक्त आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं, आणि या गोष्टीतलं निम्मं दुखणं तिथूनच सुरू होतं.

ऑफिस होतं दूधपेढीचं. ज्या आयांना आपल्या बाळाला पाजून दूध उरतं, त्या ते पेढीला देतात. पेढी ते तपासते, जंतू मारते, बाटल्यांत भरून गोठवते, आणि ज्या इस्पितळांत वेळेआधी जन्मलेली ओंजळीएवढी बाळं काचेच्या पेटीत ठेवलेली असतात, तिथं पोचवते. तळमजल्यावर लॅब आणि फ्रीझर, वरच्या मजल्यावर प्रोग्राम लिहिणारी चार माणसं. इस्पितळातल्या नर्सनं स्क्रीनवर बटण दाबलं की मागणी वर यायची, आणि कुठली बाटली, कुठल्या गाडीनं, कुठल्या बेडला, हे प्रोग्राम ठरवायचा.

त्यातला एक बेड सध्या इस्त्रीच्या घरचा होता. तिची धाकटी बहीण अकरा आठवडे आधी बाळंत झाली होती. मुलगी अकराशे ग्रॅमची. बहिणीला दूध उतरत नव्हतं, आणि एवढ्याशा आतड्यांना डब्याची पावडर सोसत नाही म्हणून डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. तेव्हा बेड सातवरची ती भाची दर दोन तासांनी पेढीचं दूध पीत होती, नाकातल्या नळीतून, चौदा मिली. इस्त्री सकाळी आल्या आल्या बेड सातची बाटली निघाली का ते बघायची, आणि मग चहा.

आता मुख्य भानगड. प्रोग्रामचा सगळा कारभार एकाच फाइलीत होता, आणि फाइलीचं नावच होतं ‘सगळं’. सहा हजार दोनशे ओळी.

इथं दोन शब्द समजून घ्यायला हवेत, मग वाट मोकळी. मागणी येते ती पत्ता घेऊन येते. ‘बाटल्या, तातडीच्या’ हा एक पत्ता. ‘बाटल्या, क्रमांक अमुक’ हा दुसरा. ‘गाड्या, आत्ता मोकळ्या’ हा तिसरा. प्रोग्रामवाले पत्त्याला रूट म्हणतात, आणि त्या पत्त्यावर बसून काम उरकणाऱ्या तुकड्याला हँडलर. या ऑफिसात मात्र दार आणि दारामागचं माणूस असंच म्हणायची रीत होती. यंत्र फाइल वरून खाली वाचत येतं, जे दार पहिल्यांदा जुळेल ते ठोठावतं, आणि तिथं उत्तर मिळालं की पुढं जात नाही.

ही रीत पाडली मेट्रनबाईंनी. तीस वर्षं नवजात बाळांच्या वॉर्डात काढलेल्या बाई. गुडघे गेले तेव्हा उभ्यानं करायचं काम सुटलं आणि त्या पेढीत आल्या. पेढीला प्रोग्रामवाला परवडत नव्हता, तर बाईंनी एक जाडजूड पुस्तक आणलं, सहा महिने मान मोडून वाचलं, आणि साठीच्या उंबरठ्यावर ‘सगळं’ लिहायला घेतलं. हल्ली त्या खाली लॅबमध्येच असत. नव्या पोरापोरींना ती फाइल म्हणजे थट्टेचा विषय होता. चार माणसं रोज एकाच फाइलीत हात घालणार म्हणजे याचं कोपर त्याला लागायचंच. एकानं केलेलं दुसऱ्यानं पुसावं आणि मग दोघांनी तोंडं फुगवून बसावं, हे नित्याचं होतं.

त्यात अकरा नवी इस्पितळं जोडून घ्यायची ठरली. साहेबांनी इस्त्रीला बोलावलं. “हे पसाऱ्याचं गाठोडं सोडव. खोल्या पाड, ज्याचं सामान त्याच्या खोलीत. तीन आठवडे पुरतील?”

“दोन,” इस्त्री म्हणाली.

जिन्यात मेट्रनबाई भेटल्या. “ऐकलं मी. चांगलंच आहे, मलाच आता माझं लिहिलेलं सापडत नाही. पण हात लावण्याआधी एक दुपार माझ्याजवळ बस. वरून खाली एकदा वाचू.”

“हो, बसू ना,” इस्त्री म्हणाली, आणि बसली नाही. वाचायला काय, वाचता तिलाही येत होतं.

तिनं पाच खोल्या पाडल्या: बाटल्या, आया, बाळं, गाड्या, इस्पितळं. प्रत्येक खोलीत दारांची यादी एका फाइलीत, दारामागची माणसं दुसऱ्या. खोलीत शिरल्यावर आधी सर्वसाधारण दार, मग खास कामांची दारं, अशी सुटसुटीत मांडणी. प्रत्येक दाराच्या डोक्यावर मेट्रनबाईंनी काहीबाही टिपून ठेवलं होतं, तारखा, बेडचे आकडे, वजनं. तो केर तिनं लोटून टाकला. आणि एक गोष्ट तर बघून तिनं कपाळाला हात लावला. दारामागच्या माणसाला हवी ती वस्तू सापडली नाही तर तो उत्तरच देत नव्हता, मागणी तशीच पुढच्या दाराकडे ढकलत होता. ही काय कामाची रीत झाली? सापडलं तर द्यावं, नसेल तर स्पष्ट ‘नाही’ म्हणावं आणि मोकळं व्हावं. जिथं जिथं ही ढकलाढकल दिसली, तिथल्या माणसाला तिनं ‘नाही’ म्हणायला शिकवलं. मग प्रत्येकाला एकेकटं बोलावून तपासलं. रांगेत उभं करून तपासायला हवं हे तिच्या ध्यानात आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तसं.

दोन आठवडे म्हणाली होती, बारा दिवसांत केलं. सोमवारी सकाळी दहाला जुनी फाइल बाजूला ठेवली आणि नव्या खोल्या चालू केल्या. साहेबांनी खोल्या उघडून बघितल्या, आणि कौतुक कधी न करणारा तो माणूस म्हणाला, “हे बघून डोकं शांत होतं.” इस्त्रीला आभाळ ठेंगणं झालं.

सव्वाअकराला धाकटीचा फोन आला.

“ताई, कामात आहेस?”

“बोल.”

“नर्स म्हणते दूध नाही.”

“कुणाकडे नाही?”

“तुमच्याकडे. पेढीत. दोनदा मागितलं तिनं, दोन्ही वेळा नाही असं आलं. इथली शेवटची बाटली दहाला संपली. डॉक्टर म्हणताहेत, बाराचं पाजणं राहू दे, सलाइन लावू.” धाकटीचा आवाज खाली आला. “तिची शीर सापडत नाही गं. काल दोन्ही हात टोचून झाले. आता डोक्यात लावतील म्हणे.”

इस्त्रीला हे पटेना. खाली फ्रीझरमध्ये तीनशेच्या वर बाटल्या होत्या, सकाळीच तिनं आकडा बघितला होता. “ठेव फोन,” म्हणाली आणि आलेल्या मागण्यांची नोंद उघडली. सगळं समोर लिहिलेलंच होतं. नर्सनं ‘बाटल्या, तातडीच्या’ मागितल्या. बाटल्यांच्या खोलीत पहिलं दार क्रमांकानं बाटली शोधायचं, तिनंच ते वर आणून ठेवलेलं. यंत्राला ते जुळलं. आतल्या माणसानं ‘तातडीच्या’ हाच क्रमांक समजून त्या क्रमांकाची बाटली शोधली. अशी बाटली कुठून असणार? मग त्यानं शिकवल्याप्रमाणे चोख उत्तर दिलं. बेड सात, नाही. बेड सात, नाही. आणखी तीन इस्पितळांतले तीन बेड, त्यांनाही नाही.

तिनं जुनी फाइल परत चालू केली. त्याला दोन मिनिटं लागली. तोवर तिचे पाय जिन्यावर होते.

मेट्रनबाई लॅबमध्ये बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होत्या. इस्त्रीनं दारातूनच सांगितलं. “माझ्या हातून दार चुकलं. दूध असून नाही म्हणाले.”

“कुठले बेड?” बाईंनी एवढंच विचारलं. इस्त्रीनं चारही सांगितले. बाईंनी आधीच वितळवून ठेवलेल्या बाटल्या काढल्या, चार डबे भरले, सर्वांत लांबच्या इस्पितळाचा डबा आधी गाडीवाल्याच्या हातात दिला. मग फोन लावत सुटल्या. “पेढीतून बोलतेय. दूध निघालंय. सलाइन लावू नका, मी सांगतेय म्हणून डॉक्टरांना सांगा.” चार वेळा तेच वाक्य, त्याच आवाजात.

इस्त्री खालच्या पायरीवर बसून राहिली. बारा वाजले. बारा पाच. बारा बाराला धाकटीचा फोन आला. “आलं गं. पाजताहेत. नाही लावलं सलाइन.” इस्त्रीचा जीव भांड्यात पडला, आणि ती उठून वर आपल्या टेबलाशी गेली.

तिला वाटलं आता बोलणी बसणार, आणि बसायलाच हवीत. मेट्रनबाईंनी हात धुतले, कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर आल्या, आणि तिच्याशेजारच्या खुर्चीत टेकल्या. चेहरा कळवळला होता, तो गुडघ्यांमुळे. “उघड ती फाइल,” म्हणाल्या. “आता वाच. वरून खाली.”

इस्त्रीनं वाचायला सुरुवात केली. ज्या टिपणांना तिनं केर म्हटलं होतं तीच आधी. पहिल्या दारावर लिहिलं होतं: बेड ३, ७६० ग्रॅम. दुसऱ्यावर: बेड १, ८१० ग्रॅम, आतड्याचं ऑपरेशन झालेलं. तिसऱ्यावर: बेड ९, ८९० ग्रॅम, गाडी बंद पडली, दुसरी शोधली. खाली खाली जावं तसं वजन वाढत होतं. नऊशे, हजार, बाराशे.

“वॉर्डात राउंड कुठून सुरू करतात?” बाईंनी विचारलं.

“दारापासून?”

“दारापासून नाही. सर्वांत हलक्या बाळापासून. त्याला थांबायला वेळ नसतो.”

ज्या क्रमाला तिनं बजबजपुरी म्हटलं होतं, तो राउंड होता. सहा वर्षं, दर मागणीला, यंत्र सगळ्यांत हलक्या बाळापासून दारं वाजवत खाली येत होतं. बाटल्यांच्या मध्येच गाडीचं दार, गाडीच्या मध्येच आयांचं, हे असं का, ते आता तिला दिसलं. बेड नऊच्या बाळाला बाटली नको होती, बाटली घेऊन निघालेली गाडी हवी होती.

“आणि हे इतके सगळे बेड तुमच्या लक्षात कसे राहिले?”

“लक्षात कुठले? अगदी शेवटी जा.”

सहा हजार दोनशेव्या ओळीपाशी एक दार होतं. इस्त्रीनं ते पाहिलं होतं, आणि इथवर कोण येणार आहे म्हणून सोडून दिलं होतं. कुठल्याच दारात काम न झालेली मागणी शेवटी इथं यायची, आणि इथं दारामागं प्रोग्राम नव्हताच. लॅबमधली घंटा वाजायची. मेट्रनबाई इस्पितळाला फोन करून विचारायच्या, काय हवं होतं? जे हवं असेल ते आधी पोचवायच्या. मग संध्याकाळपर्यंत त्या मागणीसाठी नवं दार लिहून ते वजनाप्रमाणे रांगेत बसवायच्या, वर बेड आणि आकडा टिपून. सुरुवातीला फाइलीत दोनच दारं होती, पहिलं आणि हे. बाकीची दोनशे चौदा एकेका बाळानं पाडून घेतली होती.

इस्त्री चारपर्यंत वाचत बसली. जेवायचं राहिलं, साहेब येऊन दारातूनच परत गेले. एवढं मोठं काम आपल्या नाकासमोर होतं आणि आपण त्याला केर म्हणालो, या विचारानं तिला भरून आलं, आणि ते तिनं लपवलं नाही. मग तिच्या मनात काहीतरी आलं. तिनं शोधायच्या चौकटीत एक शब्द टाइप केला: नाही.

सहा हजार दोनशे ओळींत हे उत्तर एकदाही नव्हतं.

तिनं पुन्हा शोधलं. नव्हतंच. मग आपल्या नव्या पाच खोल्यांत तोच शब्द शोधला. त्रेचाळीस.

तिनं दोन्ही आकडे मेट्रनबाईंना दाखवले. बाई संकोचल्या. “मी काही तुझ्यासारखी शिकलेली नाही. अशा वेळी काय लिहितात मला ठाऊक नव्हतं. वॉर्डात हाताशी औषध नसलं तर आम्ही नाही म्हणत नसू, शेजारणीला हाक मारत असू. ती तिच्या शेजारणीला. तेच लिहिलं मी, आणखी काय.”

इस्त्रीला आजवर पुस्तकं पाठ होती, परिषदांमधली भाषणं ऐकलेली होती. कुणी एवढं साधं आणि एवढं अफाट काही बांधलेलं तिनं पाहिलं नव्हतं. तिनं खुर्ची ओढून बाईंजवळ घेतली. “उद्यापासून माझ्याजवळ बसाल? मला हे खोल्यांत न्यायचंय, पण असंच.”

“खोल्या हव्यातच,” बाई म्हणाल्या. “मी किती दिवस पुरणार? माझ्यामागून येणाऱ्याला सापडायला नको?”

मग दोघींनी नऊ दिवस घातले. खोल्या इस्त्रीच्याच राहिल्या, पाचच्या पाच. पण सगळ्यांच्या वर तिनं एक वेगळं पान केलं, आणि कुठलं दार कुठल्यामागं उभं राहील ते त्या एका पानावर लिहिलं. हलक्या बाळापासून जडाकडे. खोलीतल्या खोलीत कुणी कसंही आवरावं, रांग त्या पानावरच ठरणार. टिपणं एकूणएक परत आली. त्रेचाळीस ‘नाही’ इस्त्रीनं स्वतः, एकेक करून काढले, आणि प्रत्येक जागी मागणी पुढं द्यायची ओळ लिहिली. या वेळी तपासणी सगळी रांग उभी करून केली, सहा वर्षांतल्या साऱ्या जुन्या मागण्या वरून सोडून. बाई एकेक उत्तर वाचत आणि मान हलवत. एकदा त्या हसल्या. “हा बेड तीनचा. आता शाळेत जातो. आई फोटो पाठवते.”

दहाव्या दिवशी दुपारी नव्या खोल्या पुन्हा चालू झाल्या. इस्त्री नोंदीच्या पडद्यासमोर बसली. अकरा नवी इस्पितळं, जुनी सगळी, मागण्यांच्या ओळी झरझर खाली येत होत्या. एकेक मागणी वरून येई, पहिलं दार, दुसरं दार, इथं नाही तर पुढं, आणि आपल्या माणसापाशी थांबे. कुठल्या तरी गावी कुणी तरी बटण दाबत होतं, आणि इथून कुणा अनोळखी आईचं दूध कुणा अनोळखी बाळाकडे निघत होतं. हे रोज तिच्या डोळ्यांसमोर चालायचं, पण तिनं कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती साडेअकराला इस्पितळात गेली. हात कोपरापर्यंत धुतले, अंगरखा चढवला. वॉर्डात ऊब आणि मंद उजेड. बेड सातपाशी धाकटी बसली होती, पेटीच्या खिडकीतून आत बोट घालून. त्या बोटावर पाच बोटं होती, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी. भाची आता चौदाशे ग्रॅमला टेकली होती आणि वीस मिली पीत होती.

नर्स बाराची बाटली घेऊन आली. ही ताई पेढीत कामाला, असं धाकटीनं सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला. “तुमचं काम फार चोख हो. सहा वर्षांत तुमच्या स्क्रीननं मला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. म्हणून तर त्या सोमवारी मी लगेच विश्वास ठेवला, फोनसुद्धा केला नाही. म्हटलं, पेढी नाही म्हणते म्हणजे खरंच थेंब शिल्लक नसणार. यांना तसं सांगितलं, आणि टोचायचं सामान मांडून ठेवलं.”

धाकटीला त्या दिवसाबद्दल एवढंच ठाऊक होतं की मशीन बिघडलं होतं. इस्त्रीनंच तसं सांगितलं होतं. आत्ताही गप्प राहता आलं असतं. नर्सनं विषय संपवून सिरिंजचा दट्ट्या काढला होता.

“मशीन नव्हतं बिघडलं,” इस्त्री म्हणाली. “ते ‘नाही’ मी लिहिलं होतं. मेट्रनबाईंनी आधी वाच म्हणून सांगितलं होतं, मी वाचलं नाही.”

धाकटीनं बोट बाहेर काढलं नाही, वळूनही पाहिलं नाही.

“मला राग आलाय तुझा,” धाकटी म्हणाली.

“येणारच.”

“खूप आलाय.”

“हो.”

धाकटीनं नर्सकडे हात केला, नळीला जोडलेली उघडी सिरिंज घेतली आणि बहिणीच्या हातात दिली. “धर. या रेघेइतकी उंच. वर नेलीस तर भसकन जातं आणि ती ओकते, खाली आणलीस तर येतच नाही. हात हलवायचा नाही.” मग खुर्चीत मागे टेकली. “बाराचं पाजणं आजपासून तुझं. घरी जाईपर्यंत, रोज.”

नर्सनं सिरिंजमध्ये दूध ओतलं. वीसच्या रेघेवर ते जरा वेळ थांबलं आणि मग कुणीही न ढकलता आपोआप उतरायला लागलं, एकोणीस, अठरा. पेटीत भाचीचे ओठ हलले, जणू चव तोंडातच आली. मावशीचा दंड भरून आला, बोटं बधिर झाली, पण तिनं हात हलवला नाही. वीस मिली उतरायला सतरा मिनिटं लागली.